लाल बादल्या

कामतघरच्या त्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या शेडमध्ये विनिता शिरली तेव्हा तिच्या नजरेत आधी भरल्या त्या भिंतीवरच्या चार लाल बादल्या. रंग ताजा, वर पांढऱ्या अक्षरांत ‘आग’. जवळ जाऊन तिने आत डोकावलं. आग विझवायच्या वाळूवर गुटख्याच्या पुड्या, विड्यांची थोटकं आणि सगळ्यावर वाळून सायीसारखा धरलेला तांबडा थर.

विनिता फिजिक्सची बी.एस्सी. विम्यासाठी कारखाने तपासणाऱ्या एका सर्व्हेअरकडे ती कामाला होती. शेड तिच्या सख्ख्या काळूरामकाकांची. तिच्या सहीवर त्यांचा विमा अडला होता.

“बघून झालं का गो?” लूमच्या खडखडाटावर आवाज चढवत काका म्हणाले, आणि मान वळवून जवळच्या बादलीत पचकन थुंकले.

झालं नव्हतं. वायरींवर कापसाचा तूस उंदराच्या कातड्यासारखा चढला होता. स्विचबोर्डात फ्यूजच्या जागी सहजी न वितळणारी जाड तांब्याची तार होती. बोर्डाला लागूनच कांड्या भरायची खोली, आणि आत कामाला असलेली देवकी एकटी यंत्रावर कांड्यांना सूत गुंडाळत बसलेली. त्या खोलीचा मागचा दरवाजा कुलूपबंद.

“हा का बंद?”

“सूत चोरीला जाते. चार वरसं झाली.”

“आणि इथे आग लागली तर देवकीमावशी कुठून बाहेर येणार?”

“तुमी शिकलेली पोरं लय इचार करता बाय. लिव, सगला बराबर हाय.”

ती लिहिणार नव्हती, पण तसं सांगायची वेळच आली नाही. बोर्डात चटचट झालं, एक ठिणगी तुसावर पडली आणि वायरीवरून ज्वाळा सरसरत त्या खोलीच्या पुढच्या दाराच्या चौकटीपर्यंत गेली. आतून देवकी ओरडली.

विनिताने कोपऱ्यातली काठी घेऊन मेन स्विच खाली पाडला. सगळे लूम एकदम गप्प झाले. तिने बादली काढली आणि ज्वाळेवर उपडी केली. काहीच पडलं नाही. तिने बुडावर थापटलं, तेव्हा थुंकीने दगड झालेला वाळूचा अख्खा गोळा बादलीच्या आकाराचा खाली आपटला आणि तसाच उभा राहिला.

“मॅडम, उसमें तो सेठ थूकते हैं,” एक विणकर अगदी सहज म्हणाला. त्यानेच पिण्याच्या पाण्यात गोणपाट बुडवून आणलं. दोघांनी झोडपून आग विझवली. देवकी खोकत बाहेर आली, तिच्या पदराची कड जळाली होती.

विनिताची बोटं तांबडी आणि चिकट झाली होती. तिने ती ओढणीला पुसली, मग ओढणीचीच किळस येऊन ती काढून टाकली.

“इजली ना?” काका म्हणाले. “मग कर सही. घरचीच पोर तू.” आणि सवयीने मान वळवून दुसऱ्या बादलीत थुंकले.

देवकीने ते पाहिलं. ती पुढच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. “सेट, मागला दार उघडल्याबिगर मी आत न्हाय जायाची. कांड्या तुमीच भरा.”

कांड्या नाहीत तर लूम नाहीत, हे काकांना विम्यापेक्षा लवकर कळलं. त्यांनी कमरेची किल्ली काढून विनिताकडे भिरकावली.

गंजलेलं कुलूप तेल सोडल्यावर निघालं. विनिताने दरवाजा ढकलला. चार बोटं सरकला आणि अडला. फटीतून तिने पाहिलं. बाहेर शेडमधून झाडून टाकलेला चार वर्षांचा तूस, तेलाची फडकी, कुजलेलं अन्न, त्यावर कुत्र्यांची घाण. सगळा ढीग कडीच्याही वर, दाराला टेकून. वास आत आला तशी देवकीने नाक दाबलं.

“उघाडला ना?” काका मागून म्हणाले. “मग लिव, दार उघाडते.”

विनिताने पर्समधून पट्टी काढली, फटीला लावली आणि वहीत लिहिलं: ‘मागचा दरवाजा उघडतो – साडेसात सेंटिमीटर.’ सहीची जागा तिने कोरी ठेवली, आणि फावडं कुठे आहे ते काकांना विचारलं.