गप्प बसण्याचा अधिकार

सुदेशनं लाल पेनानं ‘गप्प बसण्याचा’ हे शब्द खोडले आणि वर टपोऱ्या अक्षरांत ‘मौन बाळगण्याचा’ असं लिहिलं.

“का? राँग आहे?” ईश्वरीनं टेबलावर कोपरं टेकून विचारलं.

“चूक नाही गं. पण भाषणात शोभत नाही.”

शनिवारच्या मराठी वर्गात प्रत्येक मुलानं आपल्या शाळेत शिकलेली एक गोष्ट मराठीतून सांगायची होती. ईश्वरीची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. शारजात राहायचं, घरी वरणभात खायचा आणि शाळेत अमेरिकेची राज्यघटना घोकायची, याची सुदेशला एरवी गंमत वाटे. तिथले पोलीस एखाद्याला पकडतात तेव्हा आधी त्याला त्याचे हक्क ऐकवतात, हा तिनं निवडलेला विषय. सुरुवातच होती, ‘तुम्हाला गप्प बसण्याचा अधिकार आहे.’

“आणि तो गप्प राहिला म्हणून गिल्टी, असं ज्यूरीला धरता येत नाही,” ईश्वरी म्हणाली. “फिफ्थ अमेंडमेंट. स्वतःच्या अगेन्स्ट बोलायची सक्ती नाही.”

“बरं आहे त्यांचं,” स्वयंपाकघरातून त्याची बायको विनिता म्हणाली. ती पोळ्या लाटत होती. “आपल्याकडे मौन म्हणजे संमती. तो बिचारा रफिक परवा लॉबीत मान खाली घालून उभा राहिला, तर बिल्डिंगचा ऑफिसवाला म्हणतो, चुप है मतलब किया है. खलास!”

सुदेशनं पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

रफिक हा इमारतीचा नातूर, म्हणजे रखवालदार. पहाटे तो तळघरातल्या गाड्या धुवायचा. पुढेमागे करायला लागतात म्हणून लोक किल्ल्या त्याच्याकडेच ठेवत. मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी गाडीचं दार चेपलेलं सापडलं. तळघरातला कॅमेरा बंद होता. मग किल्ली कोणाकडे होती, तर रफिककडे. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला याहून जास्त काय लागतं? सुटलेला चोर टेबलापाशी बसून लेकीचं शुद्धलेखन तपासत होता.

त्या सकाळी ईश्वरीची बस चुकली होती. तिला शाळेत सोडायच्या घाईत सुदेशनं गाडी मागे घेतली, खांब वाचवला आणि ती शेजारच्या गाडीच्या दारावर आदळली. इथे साधा ओरखडा उठला तरी पोलिसांना बोलवायचं असतं, आणि न सांगता निघून जाणं हा आणखी वेगळा गुन्हा. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण गाडी कंपनीची होती, आधीचे दोन अपघात त्याच्या नावावर होते, आणि तिसऱ्या वेळी माफी नाही असं मॅनेजरनं सगळ्यांदेखत बजावलं होतं. संध्याकाळी सांगू, असं म्हणून तो निघाला. संध्याकाळपर्यंत रफिकवर आळ आला होता. मग रोज तोंड उघडणं आदल्या दिवसापेक्षा जड होत गेलं.

मागच्या सीटवर ईश्वरी होती. इअरफोन काढून तिनं विचारलं होतं, “बाबा, व्हॉट वॉज दॅट?”

“काही नाही. गप्प बस.”

तिनं इअरफोन परत कानात घातला होता. पोरं विसरतात, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. आणि आता ही पाचवी दुरुस्ती त्याला फारच आवडली. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही! घरबसल्या वकील भेटल्यासारखं वाटलं. क्षणभर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

“पण बाबा, डिफरन्स काय? गप्प आणि मौनमध्ये?”

मराठीचा प्रश्न निघाला की सुदेशला एरवी स्फुरण चढे. आजही तो सरसावून बसला.

“मौन माणूस स्वतःहून धरतो. आपले आजोबा श्रावणी सोमवारी धरायचे ना, कुणी कितीही डिवचलं तरी शब्द काढायचे नाहीत. ते त्यांचं असतं. गप्प मात्र दुसरा कुणीतरी...”

“दुसरा कुणीतरी काय?”

“बसवतो,” सुदेश म्हणाला.

ईश्वरीनं कागद आपल्याकडे ओढून घेतला. तेवढ्यात बेल वाजली.

दारात रफिक होता. आज अंगावर युनिफॉर्म नव्हता, इस्त्रीचा शर्ट होता.

“साब, आपकी चाबी. कल नया आदमी आएगा, गाडी उसको दिखा देना.”

“और तुम?”

“वीजा कॅन्सल हो गया, साब. परसों का टिकट है.” तो ओशाळून हसला, जणू चूक त्याचीच होती. “पहले बहुत बोला मैं. किसी ने सुना नहीं, तो चुप हो गया.”

“इन्शाल्ला, सब ठीक होगा,” सुदेश म्हणाला. या देशात हा शब्द फार कामाचा. काही करायचं नसलं की तो हमखास सापडतो. रफिकनं मान डोलावली, सलाम केला आणि तो लिफ्टकडे गेला. सुदेशनं दार लोटलं. किल्ली त्याच्या मुठीतच होती.

आत ईश्वरीनं त्याच्या लाल अक्षरांवर काट मारली होती आणि खाली निळ्या पेनानं पुन्हा लिहिलं होतं, ‘गप्प बसण्याचा’.

“हे काय?”

“मौन नको.” ती त्याच्या मुठीकडे बघत होती. “बाबा, मी बोलू? की गप्प बसू?”

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. बाहेर लिफ्ट अजून आली नव्हती. या इमारतीतल्या लिफ्टचा कधीच भरवसा नसे. शनिवारच्या भाषणाचं विचारतेस ना, असं सुदेशला म्हणता आलं असतं. तसा अर्थ घ्यायला जागा होती, आणि इतके दिवस तो असल्याच जागेत अंग चोरून राहिला होता. किल्लीचे दाते तळहातात रुतले.

“बोल,” तो म्हणाला.

ती उठली, त्याच्या बाजूनं गेली आणि तिनं दार सताड उघडलं.

“रफिक अंकल! एक मिनिट!”

लिफ्ट नुकतीच उघडली होती. रफिकनं तिचं दार हातानं अडवलं आणि मागे वळून पाहिलं.

“हां बेटा, बोलो?”

बाबाला बाहेर जाता येईल एवढी वाट सोडून ईश्वरी भिंतीला टेकून उभी राहिली.