बहिऱ्या घोडीची वाट

"भिंतीला लागा रे, भिंतीला लागा. घोडी बहिरी आहे, ती काही थांबायची नाही."

हॉरेस टिबेट्सच्या आजोबांचा हा आवाज. पुलाच्या कमानीत शिरला की दुप्पट व्हायचा, पाण्यावरून घसरत पलीकडच्या भिंतीला लागायचा आणि ओला होऊन परत यायचा. हॉरेस तेव्हा सात वर्षांचा, कोळशाच्या होडीच्या टोकाला पाय सोडून बसलेला. पुढे काठाच्या वाटेवर दोराने होडी ओढणारी करडी घोडी, तिचं नाव डचेस, आणि तिच्या खांद्याशी आजोबा. डचेस ठार बहिरी होती. आजोबा ते अशा ऐटीत सांगायचे, जणू तिला राजवाड्यातून किताब मिळालाय.

आता कोळसा गेला, घोडी गेली, आजोबा गेले. बर्मिंगहॅमचा कालवा तेवढा राहिला, आणि राहिली काठची वाट. पुलाच्या लोखंडी कोपऱ्यावर दोरांनी घासून पडलेल्या खाचा अजून आहेत, बोट मावेल एवढ्या खोल. हॉरेस रोज सकाळी त्यांत बोट घालायचा, मग निळं जाकीट चढवायचा आणि कामाला लागायचा.

काम वाटेवरच्या स्वयंसेवकाचं, बिनपगारी, पण मानाचं. जाकिटाच्या पाठीवर 'सावकाश' असं लिहिलेलं. वाटेचा नियम साधा : पायी चालणाऱ्याचा मान पहिला, आणि सायकलवाल्याने कमानीत शिरण्याआधी दोनदा घंटी वाजवायची. ज्याच्याकडे घंटी नसेल त्याला हॉरेस फुकट द्यायचा, स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून बसवायचा.

"वाजते ना?" तो विचारायचा.

"वाजते की."

"नीट वाजते?"

"मिस्टर टिबेट्स, पलीकडची बदकं उडाली."

"मग झालं. दोनदा वाजवायची. रोज."

एवढं करूनही लोक वाजवत नव्हते. निदान हॉरेसचं म्हणणं तसं होतं. पाठीमागून सायकल सुळकन जायची, हॉरेस दचकायचा, मग खिशातून छापील कागद काढायचा. कागदावर रकाना होता : घंटी वाजवली का? तिथे तो ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहायचा. महिन्याभरात असे दहा 'नाही' जमले होते.

हे सगळं विनी हॅकेट आपल्या होडीच्या खिडकीतून बघत असे. विनी त्या पुलाशीच बांधलेल्या लांबट अरुंद होडीत राहायची आणि खिडकीतून चहा नि बेकन घातलेला पाव विकायची. हॉरेसशी बोलायचं तर ती नेहमी कामं टाकून, पुरती त्याच्यासमोर येऊन बोलायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही.

"यंदा रॉबिन नाही आला गं," मार्चमध्ये तो म्हणाला होता. "दरवर्षी या झुडपात गातो. मांजराने खाल्ला की काय?"

लाल छातीचा तो रॉबिन पक्षी तेव्हा त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर बसून गळा फाडत होता. विनीने त्याच्याकडे पाहिलं, हॉरेसकडे पाहिलं आणि कपात साखर घातली.

"येईल, बाळा," ती म्हणाली. बहात्तर वर्षांच्या माणसालाही ती 'बाळा'च म्हणायची.

मग तो मंगळवार उजाडला. हॉरेस कमानीच्या मधोमध उभा राहून नियमाची पाटी पुसत होता. मागून डेल्फीन ग्रँट आली. डेल्फीन सुईण, रोज याच वाटेने सायकलवरून इस्पितळात जायची. तिने दोनदा घंटी वाजवली. मग आणखी दोनदा. मग हाक मारली. शेवटी तिच्यासमोर दोनच गोष्टी उरल्या, म्हातारा किंवा कालवा. सुईणीने कालवा निवडला.

जाता जाता तिचं हँडल घासलं आणि हॉरेसची टोपीही पाण्यात गेली. पाणी कमरेएवढं, खाली गुडघाभर चिखल. डेल्फीन उभी राहिली तेव्हा हेल्मेटवर शेवाळ होतं, आणि न विचारता घरात शिरलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी दोन बदकं तिच्याकडे बघत होती.

हॉरेसने होडीचा बांबू पुढे केला, पण आधी विचारलं, "घंटी का नाही वाजवली?"

"मला आधी बाहेर काढा," डेल्फीन म्हणाली. "मग भांडू."

विनीच्या होडीत घोंगडी पांघरून, गरम कप धरून ती भांडायला बसली.

"चारदा वाजवली, मिस्टर टिबेट्स. तुमचं नावही घेतलं."

"मग मला कसं नाही कळलं?"

डेल्फीनने विनीकडे बघितलं. विनीने किटलीकडे बघितलं. किटलीला तरी काय बोलता येणार होतं.

हॉरेसने कागद काढला आणि अकरावा 'नाही' लिहिला. लिहिताना मात्र पेन जरा अडखळलं. चौतीस वर्षं तो लोखंडी पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यात घणासारख्या यंत्रापाशी उभा होता. यंत्राने काय काय नेलं, ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते कबूल केलं आणि जाकीटही गेलं, तर सकाळी साडेसातला उठून जायचं कुठे?

गुरुवारी स्वयंसेवकांचे प्रमुख ग्लॅडविनसाहेब मोजपट्टी घेऊन हजर झाले.

"अकरा तक्रारी," ते हॉरेसच्या समोर येऊन म्हणाले. "अकराही तुमच्या. आता कमानीच्या तोंडाशी आडवे लोखंडी बार बसवायचे. सायकल उचलल्याशिवाय पलीकडे जाणार नाही. इथे सही करा, सोमवारी काम सुरू."

"मग मी कुठून जायचं?" मागे उभी असलेली डेल्फीन पुढे आली. "ट्रकच्या रस्त्याने?"

"सायकल उचला की."

"दोन पिशव्यांसकट रोज उचलते. बाळं थांबतीलच तोवर."

मग ती हॉरेसकडे वळली आणि पिशवीतून त्याची टोपी काढली. धुतलेली, वाळवलेली, आत वर्तमानपत्राचा गोळा घालून आकार जपलेली.

"रंग थोडा गेला," ती म्हणाली. "पण कान झाकतील."

हॉरेसने टोपी घेतली. दुसऱ्या हातात पेन होतं. ग्लॅडविनसाहेबांनी मोजपट्टी वाटेवर आडवी ताणली होती, म्हणून कमानीत पाचसहा सायकली अडून बसल्या होत्या. हॉरेसने तिकडे पाहिलं. प्रत्येक हँडलवर त्यानेच बसवलेली घंटी, आणि प्रत्येक घंटीवर एकेक अंगठा खालीवर, खालीवर होत होता. ग्लॅडविनसाहेबांनी कपाळाला आठी घालून कानावर हात ठेवला होता.

हॉरेसला पाणी दिसत होतं, अंगठे दिसत होते. बाकी सगळं बर्फ पडल्यासारखं शांत.

"विनी," तो म्हणाला, "रॉबिन आलाय का गं यंदा?"

विनी होडीतून बाहेर आली, हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली.

"रोज येतो, बाळा. तुझ्या डोक्यावर बसून बोंबलतो. आत्ताही."

हॉरेसने मान वर केली. झुडपात लाल छाती फुगत होती, इवलीशी चोच उघडत मिटत होती. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग पेनाला टोपण लावलं, टोपी डोक्यावर घातली, ग्लॅडविनसाहेबांच्या हातातून मोजपट्टी सोडवली आणि खाचांच्या लोखंडाला पाठ लावून, भिंतीला अगदी चिकटून उभा राहिला.

आवाज कमानीत शिरला आणि दुप्पट झाला.

"या रे, सावकाश या. म्हातारा बहिरा आहे, त्याला घंटी ऐकू येत नाही."