चर्चेला आलेला नवरा

"डॉक्टर म्हणाले, थोडा अशक्तपणा आहे," पडद्यावरची बायको आजारी नवऱ्याला सांगत होती आणि नेमका तेव्हाच सभागृहाचं दार ढकलून सिस्टरचा नवरा आत आला. शेवटच्या रांगेत बसला. दिव्यांच्या बटणांपाशी उभ्या असलेल्या सिस्टरनं पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

रुग्णालयात दर महिन्याला एक सिनेमा दाखवायचा आणि मग सगळ्यांनी त्यावर बोलायचं, ही कल्पना तिचीच. व्यसन, अवयवदान, म्हाताऱ्यांची आबाळ, कशावरही ती मोकळेपणी बोलायची. या वेळचा विषय डॉक्टरीणबाईंनी ठरवला होता: रुग्णाला खरं सांगावं का? नको म्हणायला तिला कारण सुचलं नव्हतं.

सिस्टरच्या नवऱ्याच्या स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ होती आणि ती पसरली होती. त्याला मात्र अल्सर सांगितला होता. "कळलं तर तो हाय खाईल. माझी शपथ आहे तुला," असं म्हणून मोठ्या नणंदेनं तिचं तोंड बंद केलं होतं.

सिनेमाभर तिचा पाय एका जागी ठरेना. पडदा सारखा कर, पाण्याचे पेले मांड, पुन्हा हलव. शेवटी ती त्याच्याजवळ जाऊन वाकली.

"अहो, घरी जाऊन पडा ना जरा."

"बसू दे गं. कधी नाही ते आलोय."

दिवे लागले. पहिल्या रांगेतले निवृत्त कारकून म्हणाले, "कशाला सांगायचं? आहेत ते दिवस सुखात जाऊ देत." बऱ्याच माना हलल्या.

"पण आयुष्य त्याचं आहे ना?" एक तरुण परिचारिका म्हणाली.

"सिस्टर, तुम्ही इतकी घरं पाहिलीत. तुम्हाला काय वाटतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"प्रत्येक घर वेगळं असतं," सिस्टर म्हणाली आणि पाण्याचा भरलेलाच जग पुन्हा भरायला वळली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नवरा उभा होता.

"मी गाडी चालवायला शिकवतो," तो म्हणाला. "सिनेमातल्या माणसाचं मला ठाऊक नाही. काल शिकवताना माझा डोळा लागला. स्टिअरिंगवर कॉलेजातली मुलगी होती. तिनं वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. बायको सांगत होती, गाडी थोडे दिवस बंद ठेवा. मी हसलो. म्हटलं, साधा अल्सर, त्याचं काय एवढं. संध्याकाळी गोळ्या आणायला गेलो आणि औषधवाल्याला विचारलं, अल्सरच्या गोळ्यांनी इतकी गुंगी कशी येते? तो माझ्याकडे बघेचना."

त्यानं समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"मी घाबरू नये म्हणून सगळे गप्प राहिले. पण त्या पोरीला काही झालं असतं, तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

तो खाली बसला. डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे पाहिलं, मग हळूच म्हणाल्या, "आज इथेच थांबू या."

लोक बाहेर पडले. नवरा खुर्च्या एकावर एक रचायला लागला. तिसऱ्या खुर्चीला त्याला दम लागला, तसा तो भिंतीला टेकला.

"ताईंनी शपथ घातली होती," ती म्हणाली.

"ताईचं मी बघतो. तू सांग."

रचलेल्यांतल्या दोन खुर्च्या काढून तिनं समोरासमोर ठेवल्या. अशी खुर्ची ओढून तिनं आजवर कितीतरी लोकांना वाईट बातमी सांगितली होती. शब्द तिच्या तोंडात बसलेले होते. आज त्यातला एकही पुढे येईना.

"आधी बसा," ती म्हणाली.

तो बसला. पहिल्यांदाच गाडी सुरू करणाऱ्या माणसाशेजारी तो बसायचा, तसा घाई न करता, हात मांडीवर ठेवून, तिच्या बोलण्याची वाट बघत.