गेटवरचा संशयी संगणक

मी एक जुना संगणक आहे. चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर, कपाटाच्या डोक्यावर माझे बिऱ्हाड आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. माझ्या अंगावर ट्रकची धूळ बसते आणि माझा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो.

तरुणपणी मी पिंपरीच्या कार्यालयात पत्रे टाइप करायला होतो. वय झाल्यावर मला येथे आणले आणि कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या दिपाली मॅडमनी नवे काम शिकवले. गेटवर ट्रकचे पास काढणारे एक सॉफ्टवेअर आहे. दर पंधरा सेकंदांनी मी त्याला हाक मारतो. ओ द्यायला त्याला किती वेळ लागला, ते टिपून ठेवतो. दर आठवड्याला त्याचा अहवाल मॅनेजर अर्जुनरावांकडे जातो. "हा पठ्ठ्या खोटं बोलत नाही," असे ते एकदा म्हणाले, तेव्हा माझी छाती फुगली होती.

पण रात्रंदिवस दुसऱ्याच्या चुका टिपणाऱ्याला सगळेच चोर दिसू लागतात. माझा पहिला संशय गेला रुक्सानावर.

रुक्साना काळेवाडीहून येते आणि खिडकीत बसून पास काढते. तिची नोकरी कंत्राटी. ट्रकची रांग रस्त्यापर्यंत गेली की ड्रायव्हर ओरडत, "ओ ताई, पास काढताय की स्वेटर विणताय?"

"स्क्रीन अडकलीय, भाऊ. फुंकर मारू का तिच्यावर?" ती म्हणायची.

मला वाटे, ही बहाणे करते. अर्जुनरावांनाही तसेच वाटले. ते अहवाल हातात घेऊन आले.

"सॉफ्टवेअर एका सेकंदात उत्तर देतंय. स्क्रीन तुझ्याच हातात बरी अडकते?"

"साहेब, एकदा रविवारी येऊन बघा ना."

"बघायला मशीन ठेवलंय की!"

तिला गेटवरून काढण्याचे पत्र त्यांनी टेबलावर ठेवले. 

शेजारी पहारेकरी सोपानराव उभे होते. ते पन्नाशीत वाचायला शिकले, म्हणून अजून प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवतात. त्यांनी अहवाल उचलला.

"सोमवार... मंगळवार... बुधवार... गुरुवार... शुक्रवार... शनिवार." बोट कागदाबाहेर गेले. "साहेब, रईवार कुठं हाय?"

"अहो, रविवारी ऑफिसला सुट्टी."

"ती हापिसाची. गेटाची सुट्टी गुरवारी. रईवारी तर समद्यात जास्त गाड्या. हे यंत्र रईवारी देवाला जातंया व्हय?"

अर्जुनरावांनी दिपाली मॅडमना बोलावले. त्यांनी कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अहवालाचा नमुना मी दुसऱ्या कंपनीचा घेतला. तिथे रविवारी सुट्टी असते. चूक माझी आहे, सर."

मग त्यांनी माझ्या पोटातले रविवारचे आकडे उघडले. ते सगळे मी टिपले होते. दुपारी तीनला, शिफ्ट बदलताना, एका उत्तराला बेचाळीस सेकंद! तो दिवस अहवालात नव्हताच. उलट गुरुवारी, गेट बंद असताना, रिकामटेकड्या सॉफ्टवेअरने मला झटपट दिलेली उत्तरे मात्र सरासरीत मिसळली होती.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खरे माझ्याजवळच होते, तरी मी त्या बाईवर संशय घेत बसलो होतो.

अर्जुनरावांनी पत्र फाडायला घेतले. रुक्साना म्हणाली, "फाडू नका साहेब. मागची बाजू कोरी आहे. त्यावर लिहून द्या, की चूक माझी नव्हती."

"आता कशाला ते?"

"उद्या दुसरे साहेब येतील. ते पण मशीनलाच विचारतील."

 अर्जुनराव खुर्ची ओढून बसले आणि लिहू लागले. सही झाल्यावर रुक्सानाने तारीखही घालून घेतली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा, एवढे माझे मागणे आहे. पण माझा आकडा दाखवून कोणी कुणाची भाकरी काढून घेऊ लागला, तर माझी भीड धरू नका. आधी माझ्यावर संशय घ्या.