चवीची खोली

"याआधी कधी साखर तपासली होती?" डॉक्टरांनी कागदावरची नजर न काढता विचारलं.

मावशी नाही म्हणाली. मग तिला आठवलं, कारखान्यात दरवर्षी तपासणीची गाडी येते. आवारात उभी राहते, सगळ्यांना रांगेत घेतात, वजन करतात, रक्त काढतात आणि बाहेर पडताना हातावर एक केळं ठेवतात.

"मग त्याचे रिपोर्ट?"

"काही असतं तर सांगितलं असतं की," मावशी म्हणाली. "ते सगळं आमच्या मॅडम बघतात. माझी मैत्रीणच आहे ती."

ती दवाखान्यात आली होती ती मनगटावरचा चटका दाखवायला. भट्टीतून आलेला गरम ट्रे निसटता लागला होता. महिना झाला तरी जखम ओलीच होती. डॉक्टरांनी मलम दिलं, वजन केलं, रक्त तपासायला सांगितलं, आणि आज समोर आकडा होता. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४; साडेसहाच्या पुढे मधुमेह. हे काही एका आठवड्यात होत नाही, ते म्हणाले. जुने रिपोर्ट घेऊन या, केव्हापासून वाढतेय ते कळेल.

मावशी बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायचं काम करायची. बावीस वर्षांपूर्वी ती आणि मॅडम एकाच दिवशी पॅकिंगच्या टेबलाला लागल्या होत्या. तेव्हा मॅडम मॅडम नव्हत्या, शेजारच्या स्टुलावर बसणारी एक बडबडी मुलगी होती. पुढे ती परीक्षा देत देत वर गेली, सुपरवायझर झाली. मावशी वर गेली ती जिभेमुळे. एकदा पॅकिंग करता करता तिने तुटलेला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, तूप बिघडलंय. कुणी ऐकेना. तपासलं तेव्हा खरंच पिंपाच्या तळाशी खवट वास होता. तेव्हापासून तिला काचेच्या खोलीत बसवलं. दर अर्ध्या तासाने नवीन बॅच, प्रत्येक बॅचमधली तीन बिस्किटं, शिवाय क्रीम वेगळं. चावून थुंकायचं असा नियम भिंतीवर लावला होता, पण अन्न थुंकणं मावशीच्या जिवावर यायचं. शिवाय शेवटची चव घशात कळते, असं ती म्हणायची. तिने हात आडवा केला, की ती बॅच बाद. मालकाचंसुद्धा तिथे काही चालत नसे.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. मॅडम कामासाठी बाहेर गेल्या होत्या. ऑफिसातले कारकून निवृत्तीला आलेले, मावशीला पहिल्या दिवसापासून ओळखणारे. त्यांनी मॅडमचं कपाट उघडून दिलं, पुडक्यात शोधलं, तिचं नाव सापडेना. मग खालच्या कप्प्यात एक जाड पाकीट निघालं. वर लिहिलं होतं, 'यांना कळवावे'.

"हे काय म्हणून राहिलं इथे?" कारकून स्वतःशीच पुटपुटले. मग म्हणाले, "मी वाटणार होतो बघा. मॅडम म्हणाल्या, राहू द्या, मी एकेकीला बाजूला घेऊन सांगते."

मावशी तिथल्याच खुर्चीत बसली. तिचे दोन रिपोर्ट होते. दोन वर्षांपूर्वीचा आकडा ५.९, गेल्या वर्षीचा ६.३. खाली छापलं होतं, साखर सीमेवर आहे, अजून मधुमेह नाही. वजन पाच किलो कमी करावे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे. गोड कमी करावे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे. आणि त्याखाली कुणीतरी हाताने लिहिलं होतं, 'सतत गोड चाखण्याचे काम बदलून द्यावे.' कागदाला घडीसुद्धा पडलेली नव्हती.

त्याच पाकिटात मॅडमचा रिपोर्ट होता. दोन वर्षांपूर्वी ६.२. म्हणजे मावशीपेक्षा जास्तच. तो कागद मात्र हाताळून मऊ झाला होता. 'वजन' या शब्दाखाली पेनाने दोन रेघा, 'चालावे' खाली दोन रेघा. त्याला टाचून गेल्या वर्षीचा रिपोर्ट होता. ५.६. वजन अकरा किलो कमी.

मावशीला त्या अकरा किलोंची सगळी हकीकत माहीत होती. मॅडम पहाटे चालायला लागल्या, तेव्हा पॅकिंगच्या बायका हसल्या होत्या, की या वयात आता कुणाला दाखवायचंय म्हणून. मावशीनेच त्यांना गप्प केलं होतं. मॅडमनी चहातली साखर सोडली, डब्यात काकडी आणि उकडलेली कडधान्यं आणायला लागल्या, लिफ्ट सोडून जिना चढायला लागल्या. अंगातला पांढरा कोट ढगळा झाला, तेव्हा मावशीने तो घरी नेऊन दोन्ही बाजूंनी आत घेतला. एकदा नाही, तीनदा. आणि नव्या क्रीम बिस्किटाचा ट्रे आला, की मॅडम स्वतःच्या पुढ्यातली बशी हसत तिच्याकडे सरकवायच्या. म्हणायच्या, माझ्या वाटचं तूच बघ, तुझ्या जिभेवर माझा जास्त विश्वास.

तिला ते तेव्हा प्रेम वाटलं होतं.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता, कमी बोलणारा. त्याने दोन्ही रिपोर्ट दोनदा वाचले आणि विचारलं, तुला खात्री आहे का, विसरली असेल बिचारी. मावशी म्हणाली, स्वतःचा नाही विसरली. उठून त्याने फडताळातला बिस्किटांचा डबा काढला आणि शेजारी देऊन आला. परत यायला त्याला जरा वेळच लागला, आणि मिशीला चुरा होता. एरवी मावशी हसली असती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मॅडम काचेच्या खोलीत आल्या. कारकुनांनी सांगितलं असणार. त्यांनी दार लावून घेतलं आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. पलीकडे पट्ट्यावरून बिस्किटं चालली होती, आत आवाज येत नव्हता.

चारचौघांत मावशी तिला मॅडम म्हणायची, पण दार लावलं की बावीस वर्षं 'तू' होतं. मॅडम त्या 'तू'ची वाट बघत बसल्यासारख्या बसल्या होत्या.

"मॅडम, तुम्हाला केव्हा कळलं?" मावशीने विचारलं.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या वेळी नवीन बिस्कीट बाजारात आणायचं होतं, मालक रोज डोक्यावर बसलेले, मावशीला खाली पॅकिंगला पाठवलं असतं तर चव कुणाच्या भरवशावर ठरवायची. सहा महिन्यांनी सांगणारच होत्या.

"मग?"

"मग दुसरं बिस्कीट आलं."

मॅडम पुढे बोलत राहिल्या. म्हणाल्या, तुला एकटीला सांगितलं असतं तर बाकीच्या बारा जणींनाही सांगावं लागलं असतं. प्रत्येकीला कामाची वेळ बदलून हवी झाली असती. आणि तू घाबरट, तुझा धीर सुटला असता. सगळ्यांचीच वाढते असं नाही, कित्येकांची तिथेच राहते, मला वाटलं तुझीही राहील. हे बोलताना त्या मावशीच्या मनगटावरच्या पट्टीकडे बघत होत्या.

"काम नसतं बदललं तरी चाललं असतं," मावशी म्हणाली. "रिपोर्ट नसता दाखवला तरी चाललं असतं. तुम्ही रोज पहाटे माझ्या दारावरून चालायला जात होता. नुसतं 'चल' म्हणाला असतात. एकटीला कंटाळा येतो, चल. एवढंच. मी आले असते."

मॅडम पुटपुटल्या, "तू आली असतीस तर मला रोज तुझ्याकडे बघावं लागलं असतं."

मावशीला वाटलं होतं, हे झाल्यावर आपण रडू. रडू आलं नाही. तिने नोंदीची वही बंद केली, ऑफिसात गेली आणि कारकुनांकडून ते पाकीट मागून घेतलं. कारकुनांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम दारात उभ्या होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

पॅकिंगच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. मावशीने एकेकीचं नाव वाचून कागद हातात दिला. चौघींना वाचता येत नव्हतं, त्यांना बाजूला घेऊन तिने वाचून दाखवलं. डॉक्टरांनी तिला जे सांगितलं होतं तेच तिने सांगितलं. यात अजून मधुमेह झालेला नाही. चार-पाच किलो उतरले आणि रोज अर्धा तास पाय हलले, तर बऱ्याच जणींचं इथेच थांबतं. सगळ्यांचंच थांबेल असं नाही, पण बऱ्याच जणींचं. तिशीतली एक पॅकर, जिला सगळ्या चिमणी म्हणत, कागद धरून म्हणाली, "मावशी, तुझं पण थांबेल ना?"

"माझं पुढे गेलं," मावशी म्हणाली. "तू तुझं बघ."

नंतर कारखान्यात थोडी धावपळ झाली. मालकांनी मॅडमना आत बोलावून तासभर बसवलं. त्यांची नोकरी गेली नाही, पण तपासणीचं काम कारकुनांकडे गेलं. काचेच्या खोलीत आता तिघी आळीपाळीने बसू लागल्या आणि थुंकायला स्टीलची भांडी आली. मावशीला तिथेच राहा, नुसती देखरेख कर, असं सांगत होते. तिने खाली टेबलाची जागा मागून घेतली. पहिल्या दिवशी स्टुलावर बसताना तिची पाठ भरून आली. काचेच्या खोलीतल्या इतक्या वर्षांत बोटांचा वेग गेला होता. चिमणी तिच्या वाट्याचे पुडेही गुपचूप भरून टाकायची.

पहाटे पाच जणी कालव्याकाठी चालायला लागल्या. पहिल्या आठवड्यात अर्ध्या वाटेतच दोघी बसल्या. एकीच्या चपलेने टाच सोलली. मावशीला चालताना धाप लागायची, आणि धाप लागली की राग यायचा. दोन वर्षांपूर्वी हेच पाय जास्त हलके होते, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. संध्याकाळी ताटात अर्धी भाजी, पाव भाग डाळ, उरलेल्यात पोळी असं डॉक्टरांनी कागदावर काढून दिलं होतं. तो कागद नवऱ्याने ओट्याच्या वर चिकटवला. जेवण झालं, की तोही तिच्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारायला लागला. मनगटावरची जखम भरायला आणखी सहा आठवडे लागले. गोळी मात्र सुरू झाली ती झाली.

आठ महिन्यांनी तिचं वजन सहा किलोने उतरलं आणि साखर ६.६ वर आली. डॉक्टर खूश झाले. चिमणीची ५.५ झाली. तिने तो कागद सगळ्या टेबलावर फिरवला आणि मावशीच्या गळ्यात पडली. मावशीने तिच्या पाठीवर हात फिरवला. तिला खरंच आनंद झाला होता. त्या आनंदाच्या कडेला काहीतरी टोचत होतं, ते तिने कुणाला दाखवलं नाही.

त्याच आठवड्यात पट्ट्यावरून आलेल्या बिस्किटांचा वास तिला वेगळा लागला. तिने बटण दाबून पट्टा थांबवला. मॅडम खाली आल्या. मावशीने पिंप तपासा म्हणून सांगितलं. मॅडमनी सवयीने एक बिस्कीट तिच्यापुढे धरलं आणि मग हात मागे घेतला.

"वासावरूनच सांगतेय," मावशी म्हणाली. "मला कळलं, म्हणून सांगितलं."

पिंप खराबच निघालं.

मॅडम अजून कालव्याकाठी चालत. आता मावशीचं दार टाळून त्या पलीकडच्या पुलावरून यायच्या, त्यामुळे रोज समोरासमोर गाठ पडायची. बायका बोलणं थांबवून बाजू द्यायच्या, मॅडम खाली बघत जायच्या. मावशीच्या रिपोर्टची गोष्ट त्यांच्याही कानावर आली असावी. एका पहाटे धुकं होतं, आणि समोर येऊन मॅडम वाटेतच उभ्या राहिल्या.

"किती आली?" त्यांनी विचारलं.

रस्त्यात अनोळखी माणसाने किती वाजले विचारलं तर सांगतो, तशा आवाजात मावशी म्हणाली, "सहा पूर्णांक सहा." आणि चाल न मोडता पुढे गेली.