एक जूनचा सोहम

चिंतामण शाळेत कारकून. मेहकर तालुक्यातल्या त्या शाळेत अर्धा गाव एक जूनला जन्मलेला, कारण ज्याची तारीख आईबापाला आठवेना त्याला चिंतामण एक जून देऊन मोकळा व्हायचा. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

स्वतःच्या सोहमची तारीख मात्र त्याला पक्की ठाऊक होती, चौदा नोव्हेंबर. पण पहिलीत बसवायला साडेपाच महिने कमी पडत होते, आणि पोराचं वर्ष वाया जाऊ देईल तो बाप कसला! दाखलखारीज रजिस्टरात त्याने सोहमलाही एक जूनच लिहिली. बायको संजीवनी तेवढी कुरकुरली. त्याच वर्षी ती तापाने गेली, आणि खरी तारीख जाणणारा घरात एकटा चिंतामण उरला. दर चौदा नोव्हेंबरला तो शिरा करायचा. पोराने "काऊन केला?" विचारलं की म्हणायचा, "रव्याले अळ्या लागतीन म्हून."

यंदा सप्टेंबरात सोहमच्या कॉलेजच्या बॅगेत गावठी कट्टा सापडला. शिवम नावाच्या दोस्ताने 'दोन दिवस ठेव बे' म्हटलं, आणि या शहाण्याने ठेवला! पोलीस वयाचा पुरावा मागायला आले ते चिंतामणच्याच टेबलाशी. रजिस्टरप्रमाणे अठरा वर्षं तीन महिने, म्हणजे मोठ्यांचं कोर्ट आणि मोठ्यांचा तुरुंग. खरं वय सतरा वर्षं दहा महिने, म्हणजे बाल न्याय मंडळ. त्याने रजिस्टरच्या नकलेवर सही करून दिली.

वकील म्हणाला, "नगरपालिकेचा जन्मदाखला आहे, पण कोर्ट आधी शाळेचं रजिस्टर पाह्यते. ते खोटं आहे हे लिहिणाऱ्यानंच सांगाव लागते. नोकरी जाईन तुमची."

पाचव्या दिवशी चिंतामण कोर्टात उभा राहिला.

"साहेब, ही तारीख मी खोटी लिहिली. अक्षर माझंच आहे."

साहेबांनी खडे बोल सुनावले, दाखला पडताळून पाहिला आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवलं. चिंतामणचं निलंबन आता ठरलेलंच होतं. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

निरीक्षण गृहाच्या गाडीत चढताना सोहम थबकला. "बाबा, मंग माहा वाढदिवस कधी असते?"

"चौदा नोव्हेंबर."

"म्हंजे तो शिरा माह्यासाठी होता?"

चिंतामण 'हाव' म्हणाला, तोवर गाडी निघाली होती.

चौदा नोव्हेंबरला त्याने शिरा केला. काऊन केला, असं विचारायला घरात कुणी नव्हतं.