तेलवातीपुरतं

सुनीतानं समईवरची कालची काजळी चिंधीनं पुसली, नवी वात वळून तेलात भिजवली आणि काडेपेटी उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. एवढं झालं की तिचं काम संपत असे. पुढचं स्वरदाचं.

“झालं का गं?” पलंगावरून कमलकाकूंनी विचारलं.

“झालं, काकू.”

काकूंना दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग सावकाश दुसराही. तरी संध्याकाळ झाली की त्या तोंड देवघराकडे करून बसत. तीन वर्षांपूर्वी हट्टानं स्वतःच दिवा लावायला गेल्या आणि पदराचं टोक पेटवून घेतलं. तेव्हापासून त्यांच्या मुलानं, आशिषनं, काडेपेटी त्यांच्या हाताला लागू द्यायची नाही असं बजावून ठेवलं होतं. सून स्वरदा झाशीबाहेर टहरौलीच्या शाळेत शिकवायची. तिची बस उन्हाळ्यात उजेडी पोचवायची, पण दिवाळी सरली की दिवस आखडायचे आणि सून घरी येईपर्यंत खोलीत पुरता अंधार व्हायचा. अंधार म्हणजे खराच अंधार. देवापुढे दिवा लागल्याशिवाय घरातला बल्ब लावायचा नाही आणि चहाचा घोटही घ्यायचा नाही, हा काकूंचा नेम. दिसेनासं झाल्यावर तो सुटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट तो आणखीच घट्ट झाला.

सुनीता या घरात यायला लागली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या मोहल्ल्यात, प्रेम नगरात, ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच. दर शुक्रवारी ती कुणा एकाच्या घरी प्रार्थनेला जमत आणि प्रार्थना झाली की मोहल्ल्यातली अडलेली घरं आपापसांत वाटून घेत. मधु एका आजारी बाईला दुपारचं जेवण पोचवायची. सुनीताचा नवरा विक्रम रेल्वेच्या वर्कशॉपमधून सुटला की कुणाकुणाला स्कूटरवर बसवून दवाखान्यात न्यायचा. कमलकाकू सुनीताच्या वाट्याला आल्या, कारण घरात मुलगा-सून हिंदीच बोलायचे, काकूंना मनसोक्त बोलायला मराठी माणूस हवं होतं आणि त्या सगळ्यांत मराठी बोलणारी सुनीता एकटीच. तिचं माहेर राहुरीचं. वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन झाशीला आली तेव्हापासून नवऱ्याशी हिंदी, मुलांशी हिंदी, चर्चमध्ये हिंदी. सेवा करायला म्हणून ती काकूंकडे येई हे खरं, पण इथून परत जाताना तिचंच पोट भरलेलं असे.

पहिल्याच दिवशी आशिषनं हात जोडून, अगदी आदबीनं तिला सांगितलं होतं.

“भाभीजी, आपकी सेवा सिर-आँखों पर. बस, घर में धरम-वरम की बात न हो.”

सुनीतानं शब्द दिला. मनात मात्र एक फट ठेवली. काकूंनी आपणहून विचारलं, तर सांगायचं. त्या प्रश्नाची ती दोन वर्षं वाट पाहत होती. आपण कुणावर विश्वास ठेवतो, का ठेवतो, त्यानं आपल्याला कसं सांभाळलं, हे सगळं तिनं पोळ्या लाटता लाटता मराठीत जुळवून ठेवलं होतं. आणि काकू काय वाटेल ते विचारायच्या. मेथी कशी दिली, विक्रमचा गुडघा कसा आहे, राहुरीकडे अजून बाजरीच खातात का. नेमकं तेवढं विचारायच्या नाहीत. शुक्रवारी मधुनं ‘काकूंना सांगितलंस का’ असं विचारलं की सुनीताला अपराधी वाटायचं. काकूंचं वय झालं होतं. आपल्याजवळ आहे त्यातलं सगळ्यांत मोलाचं तेवढं द्यायचं राहून जाणार, या विचारानं तिचा जीव तुटायचा.

त्यात हे दिव्याचं. वात वळणं, तेल ओतणं, समई पुसणं सुनीता करायची. मूर्तीपुढे काडी ओढणं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. आता तेल ओतणं हे घरकाम आणि काडी ओढणं ही पूजा, ही हद्द काही कुणी तिला आखून दिली नव्हती. तिनं ती स्वतःच आखली होती. विक्रम त्यावरून तिला चिडवायचा. मधुला तर तेलसुद्धा जास्तच वाटायचं. सुनीता दोघांचं ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वात वळायला बसायची.

फोन वाजला. स्वरदा होती. बस वाटेतच बंद पडली होती, दुसरी कधी मिळेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आशिष तर ऑफिसच्या कामानं ग्वाल्हेरला गेलेला. चाचीजी, आज आपणच दिवा लावा, नाहीतर अम्मा तशाच बसून राहतील, असं ती गडबडीनं म्हणाली. मागे लोकांचा गलका चालला होता. सुनीतानं हो म्हणायच्या आत फोन कट झाला.

काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आग्रह केला असता तर बरं झालं असतं, असं सुनीताला वाटलं. आग्रहाला नाही म्हणता येतं. काकू नुसत्या पांघरुणाच्या सुरकुत्या हातानं सारख्या करत बसल्या.

खिडकीतला उजेड गेला. आधी देवघरातल्या मूर्ती दिसेनाशा झाल्या, मग समई, मग काकूंचा चेहरा. बाहेर गल्लीतल्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या. दुपारनंतर काकूंच्या घशाखाली काही गेलं नव्हतं.

सुनीता उठली आणि चाचपडत फडताळापाशी गेली. तिला भीती वाटत होती. लोक काय म्हणतील याची नव्हे, मधुचीही नव्हे. लहानपणापासून ज्याच्याशी बोलत आली त्याला आज रात्री काय सांगायचं, याची. पण एका आंधळ्या म्हातारीला उपाशी बसवून राखलेली श्रद्धा त्याला कशी दाखवायची, हेही तिला कळत नव्हतं. तिनं मनातल्या मनात क्षमा मागितली, आणि ती कुठल्या गोष्टीची हे तिचं तिलाच धड सांगता आलं नसतं. देवघरासमोर बसून तिनं काडेपेटी उघडली.

मागे पलंग करकरला. काकू भिंतीला धरून आल्या, खाली बसल्या, आणि सुनीतानं काडी ओढली तेव्हा त्यांचा हात तिच्या खांद्यावर पडला. तो खांद्यावरून दंडाला, दंडावरून मनगटाला आला. मग त्या वाकल्या आणि त्यांनी फुंकर घालून काडी विझवली.

“तू नको.”

“काकू, एका काडीनं काय होतंय?”

“काही होत नसतं तर हात थरथरला नसता तुझा.”

त्यांनी मनगट सोडलं नाही. दोन वर्षं आपल्याला ऐकू येतंय, त्या शांतपणे सांगू लागल्या. तेल ओतल्याचं येतं, आणि त्यानंतर काडेपेटी फळीवर जाते तेही येतं. मुद्दामच कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला एक तर मला दुखवावं लागलं असतं, नाहीतर तुझ्या देवाला.

“माझी नातवंडं सुट्टीला घरी आली तरी पाच मिनिटं बसत नाहीत गं माझ्यापाशी. तू रोज येतेस. ते काही माझ्या मायेनं नाही आलीस पहिल्यांदा. माझी-तुझी ओळख तरी होती का? तुला कुणीतरी पाठवलं म्हणून आलीस.” काकू श्वास घ्यायला थांबल्या. “त्याचा शब्द माझ्यापायी मोडलास, तर उद्या कुणाच्या सांगण्यावरून येशील?”

इतके दिवस जुळवून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही सुनीताला आठवेना, आणि आठवलं असतं तरी आता त्याची गरज उरली नव्हती. डोळ्यांतलं पाणी ओघळू लागलं ते तिनं तसंच ओघळू दिलं. इथं कुणाला दिसणार होतं?

“स्वरदा येईस्तोवर काय करायचं?” काकू म्हणाल्या. “तू घरी संध्याकाळी काय करतेस?”

“प्रार्थना करतो आम्ही.”

“मराठीत?”

“हिंदीत. माहेरी मराठीत करायचो.”

“मग माहेरची कर. मोठ्यानं कर, मलाही कळू दे.”

सुनीतानं डोळे मिटले. सुरुवातीला शब्द अडखळले, मग आईच्या आवाजातले एकेक करून येऊ लागले. तिनं रस्त्यात अडकलेल्या स्वरदासाठी मागितलं, ग्वाल्हेरला गेलेल्या आशिषसाठी मागितलं. काकूंच्या डोळ्यांसाठी मागायला जीभ रेटेना, म्हणून त्यांना शांत झोप मागितली. आजच्या दिवसाबद्दल आभार मानायला तिनं सुरुवात केली, आणि कडी वाजून दार उघडलं.

स्वरदा धापा टाकत उंबऱ्यात उभी होती. सुनीताचा आवाज जागच्या जागी थांबला. आशिषला दिलेला शब्द तिला आठवला. उद्यापासून या घराचं दार आपल्याला बंद, हे तिनं मनाशी धरूनच टाकलं.

“अँधेरे में बैठे हो आप लोग? दिया नहीं जलाया?” स्वरदाचा हात भिंतीवर बटण शोधायला गेला.

“स्वरदा, बटण दाबू नकोस,” काकू म्हणाल्या. मग त्यांनी मनगटावरची बोटं किंचित आवळली. “आणि तू गं का थांबलीस? पुरतं म्हण. दिवा मग लागेल.”

स्वरदाचा हात भिंतीवरून खाली आला. तिनं खांद्यावरची पिशवी भिंतीशी टेकवली, चपला काढल्या आणि देवापुढे बसताना घेते तशी ओढणी डोक्यावर घेऊन ती उंबऱ्याशीच खाली बसली.